विमानांना वाट देणारी बाई : हवाई दलातली चौदा वर्षं आणि त्यानंतरचं काम

(आमच्या सामुदायिक रेडिओवरचं भाषण. छापताना ऐकणाऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं जोडून थोडं मोठं केलं आहे.)



मागच्या महिन्यात आमच्याकडे एका बचत गटाची चिठ्ठी आली. गटातल्या एका ताईंची मुलगी यंदा पदवीधर होईल. ती म्हणते, मला हवाई दलात एटीसीमध्ये जायचंय. ताईंनी दोन प्रश्न विचारलेत. पहिला, हे एटीसी म्हणजे नेमकं काय काम? दुसरा, "चौदा वर्षांनी घरी पाठवतात म्हणे. मग पोरीने ऐन पस्तिशी-चाळिशीत काय करायचं?"

दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. पहिला सगळे विचारतात, दुसरा फारसं कोणी विचारत नाही. आज दोन्हींची उत्तरं देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

टॉवरमध्ये बसून काय करतात?

एटीसी म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल, विमानांची वाहतूक सांभाळणं. विमानतळावर काचेच्या खोलीचा एक उंच मनोरा असतो. तिथे बसलेली माणसं प्रत्येक विमानाशी रेडिओवर बोलत असतात. कोणी आधी उतरायचं, कोणी थांबायचं, किती उंचीवर राहायचं, कोणत्या दिशेने वळायचं, हे ती ठरवतात. त्यांच्या परवानगीशिवाय एकही विमान धावपट्टीवर पाऊल टाकत नाही.

काम तीन ठिकाणी वाटलेलं असतं. टॉवरमधली माणसं धावपट्टी आणि डोळ्यांना दिसणारं आकाश सांभाळतात. खाली रडारच्या खोलीत बसलेली माणसं येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना रांगेत लावतात. दूरच्या प्रवासातली विमानं मोठी केंद्रं सांभाळतात.

नियम ऐकायला साधा आहे: दोन विमानांमध्ये ठरलेलं अंतर राहिलंच पाहिजे. एक वर, एक खाली असेल तर किमान १,००० फूट. एकाच उंचीवर असतील तर रडारवर काही मैलांचं अंतर. हा नियम दिवसभर, प्रत्येक विमानासाठी, एकदाही न चुकता पाळायचा, हेच ते अवघड काम.

धावपट्टीचं एक गुपित सांगतो. पुण्याच्या धावपट्टीच्या एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला २८ असा आकडा आहे. ही होकायंत्राची दिशा, शेवटचं शून्य सोडून लिहिलेली. १० म्हणजे १०० अंश, साधारण पूर्वेकडे. २८ म्हणजे २८० अंश, साधारण पश्चिमेकडे. आता यातलं कोणतं टोक वापरायचं? खळ्यावर उपणताना आपण आधी वारा बघतो आणि मग सूप धरतो ना? इथेही वाराच ठरवतो. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि तोंड देऊनच उतरतं, म्हणजे धाव कमी लागते. दुपारी वारा फिरला की सगळी रांग उलटी करावी लागते. ते ठरवतो टॉवर.

आणि घड्याळ? जगभरातल्या विमानांचं घड्याळ एकच. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात, तेव्हा टॉवरच्या नोंदवहीत शून्य वाजलेले असतात.

मग यात लष्कर कुठून आलं?

पुण्याच्या लोहगावहून आपल्यापैकी कोणाची मुलं कामाला दिल्लीला, बेंगळुरूला जात असतील. ते प्रवासी विमान सोडणारा टॉवर हवाई दलाचा आहे. कारण तो तळच मुळात हवाई दलाचा. धावपट्टी त्यांची, प्रवाशांची इमारत शेजारी. सुखोई लढाऊ विमानं आणि आपलं तिकीट काढून बसलेली माणसं एकाच धावपट्टीवरून जातात. गोव्यात दाबोळीला तसंच आहे, फक्त तिथे नौदल. तो त्यांचा आयएनएस हंसा तळ. श्रीनगर, लेह, जोधपूर, चंदीगड, बागडोगरा इथेही टॉवर हवाई दलाचाच.

म्हणून लष्करी कंट्रोलरचं काम दुप्पट गुंतागुंतीचं. प्रवासी विमान वेळापत्रकाने येतं, त्याचा वेग ठरलेला. लढाऊ विमानं जोडीने, चौकडीने येतात, वेग जास्त. इंधन मोजकं, त्यामुळे त्यांचा हिशेब मिनिटांत. चौघांतल्या एकाने "माझ्याकडे इतकीच मिनिटं उरलीत" असं सांगितलं, की समोरचं प्रवासी विमान बाजूला फिरवायचं, त्याच्या पायलटला कारण दोन शब्दांत सांगायचं, आणि आवाज जराही चढू द्यायचा नाही. धावपट्टीच्या टोकाला लढाऊ विमान अडवायचं जाळं असतं. ते कधी उभं करायचं, आगीचा बंब कधी काढायचा, पक्षी हाकणाऱ्या माणसांना कुठे पाठवायचं, हेही टॉवरमधूनच सुटतं.

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. विमानतळाभोवती १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापणं, कातडं सोलणं, कचरा-घाण टाकणं याला कायद्याने बंदी आहे. कारण घाणीवर घारी येतात, आणि घार इंजिनात गेली तर विमान संकटात. विमानतळाजवळच्या गावातल्या गटांनी ग्रामसभेत हा विषय जरूर काढावा.

लष्करी कंट्रोलरचं सगळ्यात विलक्षण काम म्हणजे धुक्यात विमान उतरवणं. पायलटला पुढचं काही दिसत नाही. अशा वेळी रडारवरची व्यक्ती त्याला बोटाला धरून आणल्यासारखी खाली आणते. "किंचित डावीकडे... उतार बरोबर... थोडं वर आहात... आता बरोबर." शेवटच्या टप्प्यात पायलटने उत्तर द्यायचंच नसतं, फक्त ऐकायचं. आणि कंट्रोलरने पाच सेकंदांपेक्षा जास्त गप्प बसायचं नसतं. खोकला आला तरी नाही. कारण आवाज थांबला म्हणजे संपर्क तुटला, असंच पायलट धरून चालतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. हवाई दलात फायटर कंट्रोलर नावाचं दुसरं काम आहे. एअर ट्रॅफिक कंट्रोलर विमानांना एकमेकांपासून लांब ठेवतो, तर फायटर कंट्रोलर रडारवर बघून आपल्या लढाऊ विमानाला शत्रूच्या विमानाकडे नेतो. २७ फेब्रुवारी २०१९ला सीमेवर जी हवाई चकमक झाली, तेव्हा रडारवर बसून हे काम स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल यांनी केलं. त्यासाठी त्यांना युद्ध सेवा पदक मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. मुलीला टीव्हीवर कोण काय करतं ते कळायला हवं, म्हणून हे सांगितलं.

ऐकलं ते परत म्हणून दाखवणं

आपल्या गटात ठराव झाला की सचिव तो परत वाचून दाखवते. "दहा हजार की बारा हजार?" असा घोळ नंतर नको म्हणून. टॉवरमध्ये हे दर मिनिटाला चालतं. कंट्रोलर सांगतो, पायलट तेच परत म्हणतो, कंट्रोलर ते कान देऊन तपासतो. चुकलं तर लगेच दुरुस्त करायचं. इंग्रजी अक्षरंही नीट ऐकू यावीत म्हणून ए, बी, सी न म्हणता अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणतात.

यात चूक झाली तर काय होतं, ते आपल्या देशाने पाहिलं आहे. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणात चरखी दादरीच्या वर दोन विमानं एकमेकांवर आदळली. एक सौदी अरेबियाचं, दिल्लीहून निघालेलं. दुसरं कझाकस्तानचं, दिल्लीला येणारं. कंट्रोलरने एकाला १४,००० फुटांवर आणि दुसऱ्याला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं. मधलं १,००० फुटांचं अंतर पाळलं असतं तर दोन्ही विमानं सुखरूप गेली असती. कझाकस्तानचं विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं, असं चौकशीत निघालं. त्या चालकदलाचं इंग्रजी कच्चं होतं, हाही मुद्दा पुढे आला. दोन्ही विमानांतली सगळी ३४९ माणसं गेली. तुकडे पडले ते शेतकऱ्यांच्या रानात.

त्या काळी दिल्लीभोवतीचं बरंच आकाश हवाई दलासाठी राखलेलं होतं, म्हणून येणारी आणि जाणारी प्रवासी विमानं एकाच वाटेने वर-खाली चालत. अपघातानंतर येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी केली. दोन विमानं जवळ आली की पायलटला आपोआप सावध करणारं यंत्रही सक्तीचं झालं. म्हणजे लष्कराचं आकाश आणि प्रवाशांचं आकाश यांचा मेळ बसवणं हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तो मेळ रोज बसवतात हे कंट्रोलर.

मुलीने तिथे पोचायचं कसं?

हवाई दलात हे काम अधिकाऱ्यांच्या प्रशासन शाखेत येतं. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण गुण ६० टक्के लागतात. वय २० ते २६. एएफकॅट नावाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. ती पास झाली की मंडळासमोर काही दिवसांच्या मुलाखती आणि चाचण्या, डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर किंवा वाराणसीला. मग वैद्यकीय तपासणी. ग्राउंड ड्यूटीच्या शाखांसाठी मुलींची उंची किमान १५२ सेंटिमीटर लागते. ठरावीक नंबरापर्यंतचा चष्मा चालतो. निवड झाली की हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत प्रशिक्षण, आणि टॉवरचं शिक्षण हैदराबादमध्येच बेगमपेटला.

नौदलाला या कामासाठी इंजिनिअरिंगची पदवी हवी असते. बारावीनंतरची वाट म्हणजे खडकवासल्याची एनडीए. तिथे २०२२पासून मुली आहेत, आणि पहिल्या १७ जणी ३० मे २०२५ला बाहेर पडल्या.

पगाराचं विचाराल तर सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन, शिवाय भत्ते.

मुलाखतीची तयारी महाग पडते, असं बऱ्याच जणी म्हणतात. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे पात्र मुला-मुलींची लष्करी अधिकारी मुलाखतीची तयारी राहणं-जेवणासह मोफत करून घेतात. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. हे कार्यालय फक्त माजी सैनिकांचं आहे, असा समज काढून टाका.

आणि ज्या मुलीला टॉवर हवा आहे पण लष्कर नको, तिच्यासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरण आहे. तिथे ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह या पदाला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग लागतं, वय २७पर्यंत. त्यांचं मोठं प्रशिक्षण केंद्र प्रयागराजला आहे, आणि आपल्या गोंदियाला बिरसीतही आहे. म्हणून अकरावीला शाखा निवडतानाच हा विचार करा. कला शाखेतून हवाई दलाचा रस्ता उघडा राहतो, पण विमानतळ प्राधिकरणाचा बंद होतो.

चौदा वर्षांचा करार

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

एएफकॅटमधून जाणाऱ्या मुलीला मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन. आधी दहा वर्षं, मग चार वर्षांची मुदतवाढ, अशी चौदा वर्षं. त्यातून कायम सेवा मिळू शकते, पण ती जागा किती आणि मुलीची गुणवत्ता किती यावर. हमी नाही. आणि अधिकाऱ्याला पेन्शन लागू होते २० वर्षांच्या सेवेला. चौदा आणि वीस यांच्यातली ही सहा वर्षांची दरी, तिथेच बायकांची कोंडी झाली.

हवाई दल आणि नौदलाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला महिलांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली. त्या पहिल्या मुलींना वाटलं होतं, पुढे कायम होऊ. पुरुषांना कायम सेवेची वाट होती, बायकांना नव्हती. मुदत संपली की घरी. मग त्या कोर्टात गेल्या. मार्च २०१०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सैन्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात १७ फेब्रुवारी २०२०ला लागला, आणि नौदलाचा बरोबर महिन्याने, १७ मार्च २०२०ला. नौदलाच्या त्या खटल्यात एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या महिला अधिकारीही होत्या. बायका म्हणून कायम सेवा नाकारता येणार नाही, असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं.

पण ज्या आधीच घरी गेल्या होत्या त्यांचं काय? हवाई दलातल्या ३२ महिला अधिकारी, १९९३ ते १९९८मध्ये भरती झालेल्या आणि २००६ ते २००९मध्ये बाहेर पडलेल्या, बारा-तेरा वर्षं भांडत राहिल्या. १६ नोव्हेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निकाल दिला. त्यांना पुन्हा नोकरीवर घेता येणार नव्हतं. पण योग्य ठरणाऱ्यांना वीस वर्षं सेवा झाली असं धरून पेन्शन द्या, असं कोर्ट म्हणालं.

हे सविस्तर सांगतोय, कारण आज जी मुलगी फॉर्म भरते तिला कायम सेवेसाठी अर्ज करता येतो, तो या बायकांमुळे. आणि अर्ज करता येतो म्हणजे मिळतोच असं नाही, हेही घरात सगळ्यांना माहीत असायला हवं.

एक ताई काय म्हणाल्या

आमच्या रेडिओवर एक ताई आल्या होत्या. शेजारच्या तालुक्याच्या. हवाई दलात चौदा वर्षं कंट्रोलर होत्या, आता सदतिशी ओलांडलेली. "माझं नाव सांगू नका, माझ्यासारख्या पुष्कळ आहेत," म्हणाल्या. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात देतो.

चौदा वर्षांत त्यांच्या सात बदल्या झाल्या. प्रत्येक नव्या ठिकाणी टॉवरचं काम पुन्हा शिकायचं, तिथली धावपट्टी, डोंगर, वारा, विमानं समजून घ्यायची, परीक्षा द्यायची, मगच एकटीने खुर्चीवर बसायचं. उत्तरेला हिवाळ्यात धुकं, वाळवंटात उन्हाळ्यात धूळ. रात्रपाळी सुटली की पोराचा डबा. नवऱ्याची खासगी नोकरी पुण्यात, म्हणून संसार दोन गावांत.

"ड्यूटी सोडताना पुढच्या माणसाला सगळं सांगून खुर्ची द्यायची असते," त्या म्हणाल्या. "कोणतं विमान कुठे आहे, कोणती गोष्ट अर्धी राहिलीय. ऐकणाऱ्याने 'घेतलं' म्हटल्याशिवाय उठायचं नाही. पण चौदा वर्षांची ड्यूटी संपली तेव्हा माझी खुर्ची घ्यायला माणूस होता, आणि मला पुढे काय ते सांगायला कोणी नव्हतं."

पेन्शन नव्हती. ठोक रक्कम मिळाली, ती घराच्या कर्जात गेली. गावाकडे लोक म्हणाले, रिटायर झाली, आता मजा आहे. सदतिसाव्या वर्षी कसली मजा? पहिल्या मुलाखतीत एका कंपनीने विचारलं, तुमचा अनुभव लष्करी, आमच्या काय कामाचा? ज्या बाईने एका पाळीत डझनभर विमानं उतरवली, तिला "संगणकावर काम येतं का" असा प्रश्न. दीड वर्ष त्या घरी होत्या. सुरुवातीला रात्री तीनला जाग यायची, ड्यूटीची वेळ म्हणून. आभाळात विमान वाजलं की मान आपोआप वर व्हायची, कोणत्या धावपट्टीवर येतंय ते बघायला.

मग एका ओळखीच्या अधिकाऱ्याने सुचवलं, अर्जात 'टॉवर सांभाळला' असं लिहू नका. किती माणसांची पाळी सांभाळली, किती आणीबाणीच्या प्रसंगी निर्णय घेतले, किती जणांना शिकवलं, ते लिहा. त्यांनी तसं केलं. आज त्या एका खासगी विमानतळाच्या कामकाज कक्षात आहेत. विमान कुठे उभं करायचं, धावपट्टीवर काम कधी काढायचं, आणीबाणीत कोणाला बोलवायचं हे बघतात. पगार सुरुवातीला हवाई दलातल्या शेवटच्या पगारापेक्षा कमी होता. "पण काम माझं आहे," म्हणाल्या, "आणि रात्री तीनला जाग आली तर आता त्याचा पगार मिळतो."

नंतर कोणती कामं असतात?

या ताईंशी आणि इतर माजी अधिकाऱ्यांशी बोलून आम्ही एक यादी केली. विमानतळावर धावपट्टी आणि कामकाज विभाग. विमानसुरक्षा तपासणी. विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थांत नियोजन. ड्रोनचं प्रशिक्षण. आपत्ती व्यवस्थापन आणि आणीबाणीच्या फोनचे नियंत्रण कक्ष, कारण शांत आवाजात एका वेळी चार कामं सांभाळणं हे तिथलंही मुख्य काम. कंपन्यांत प्रशासन आणि मनुष्यबळ. शाळा-कॉलेजात शिकवणं. कोणी बी.एड. करतं, कोणी स्पर्धा परीक्षा देतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडलेले शॉर्ट सर्व्हिसचे अधिकारीही माजी सैनिकांच्या व्याख्येत बसतात. हे पुष्कळांना माहीतच नसतं.

मदत करणारी ठिकाणंही आहेत. केंद्राचं पुनर्वसन महासंचालनालय सेवेच्या शेवटच्या काळात व्यवस्थापन वगैरेचे कोर्स घडवतं. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. दवाखान्यासाठी ईसीएचएस ही योजना आहे. पेन्शन नसलेल्या शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांनाही २०१९पासून वर्गणी भरून तिचा लाभ घेता येतो.

घराने आणि गटाने काय करायचं?

चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईंना आमचं सांगणं असं.

एक, मुलीला जाऊ द्या. काम मानाचं आहे, जबाबदारीचं आहे, आणि पुरुषाइतक्याच पगाराचं आहे. पण फॉर्म भरायच्या दिवशीच घरात बसून कागदावर लिहा: भरती वय अमुक, बाहेर पडण्याचं वय अमुक, तेव्हा पेन्शन नाही असं धरून चालायचं. मिळाली तर आनंदच.

दोन, पहिल्या पगारापासून बचत. अधिकाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी असतो, त्यात नियमापेक्षा जास्त भरता येतं. आपण शंभर-दोनशेपासून बचत शिकलो. तिचा पगार मोठा, पण तत्त्व तेच. भावाचं शिक्षण, घराची स्लॅब, बहिणीचं लग्न, सगळं तिच्या पगारावर टाकू नका. त्या पगाराची मुदत ठरलेली आहे.

तीन, दहाव्या वर्षापासून पुढच्या कामाचं शिक्षण सुरू करायला सांगा. बाराव्या वर्षी कागदपत्रं गोळा करायला. कुठे किती काळ काम केलं, कोणत्या परीक्षा पास केल्या, कोणाला शिकवलं, याचे दाखले सेवेत असतानाच घ्यायचे. बाहेर पडल्यावर ते मिळवताना चपला झिजतात.

चार, बाहेर पडली की पहिल्या महिन्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी आणि ओळखपत्र. हे काम 'बघू नंतर' म्हणून ठेवायचं नाही.

पाच, ती घरी आली की पहिलं वर्ष तिला सांभाळून घ्या. "आता स्वयंपाक शिक" असं म्हणायची वेळ ती नाही. चौदा वर्षं जिच्या शब्दावर विमानं थांबली, तिला घरात आपला शब्द कुठे बसतो ते शोधायला वेळ लागतो. ग्रामसंघाला अशी बाई मिळाली तर तिला एक दिवस शाळेत बोलवा, मुलींशी बोलू द्या.

गटांना एक काम देतो. आपल्या गावातून सैन्यात, हवाई दलात, नौदलात कोण कोण बायका गेल्या, कोण परत आल्या, याची एक पानभर यादी करा. त्यातल्या किती जणींची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद आहे, ते विचारा. वीरपत्नींचीही नोंद तपासा. ज्यांची नसेल त्यांना सोबत घेऊन जिल्ह्याला जा. एका दिवसाचं काम आहे, पण पुढच्या अनेक वर्षांचा फरक पडतो.

यादी केली की आम्हाला कळवा, आम्ही ती रेडिओवर सांगू. पुढच्या वेळी बोलू सैनिकांच्या पत्नींना मिळणाऱ्या कुटुंब पेन्शनबद्दल. त्यासाठी कोणते कागद आधीच तयार ठेवायचे, तेही सांगू.

तोपर्यंत नमस्कार.